दगडाखालचा कोळसा

१

डोहगावातला दगड चालायला लागलाय असं दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर दौलतरावांनी फोन ठेवून दिला असता. पण बोलणारी मुलगी नगरपंचायतीची इंजिनिअर होती, आणि इंजिनिअर माणसं सहसा सकाळी साडेआठला थट्टा करत नाहीत.

"सर, पुराचा दगड कुणीतरी हलवलाय असं आबाजी म्हणतात," दिपाली म्हणाली. "बाकी गाव म्हणतं, आहे तिथंच आहे. सोमवारी सुनावणी आहे. तुम्ही मूळचे इथले, शिवाय जन्मभर मोजणी केलेली. एकदा येऊन बघाल का?"

दौलतरावांनी चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या आणि आता निगडीच्या प्राधिकरणात दुसऱ्या मजल्यावर राहून बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. गुडघेही दुखत होते. त्या दिवशी गुडघ्यांचं कारण पुढं केलं असतं तर बरं झालं असतं, असं पुढं त्यांना फार वेळा वाटलं. पण म्हाताऱ्या माणसाला कुणी "तुमच्याशिवाय होणार नाही" म्हटलं की तो पाघळतोच. "आलोच," ते म्हणाले.

प्रकरण असं होतं. चाकणच्या अलीकडं नदीकाठी डोहगाव आहे. तिथं नगरपंचायत पूर अडवायला मातीचा उंच बांध घालणार होती आणि बांधाच्या माथ्यावरून चाकणला जाणारा रस्ता नेणार होती. बांध कुठून न्यायचा, हे सगळ्यात मोठा पूर कुठवर आला होता त्यावर ठरणार होतं. अठ्ठावन्न वर्षांपूर्वीच्या पुराचं पाणी जिथं टेकलं, तिथं दौलतरावांच्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, एक दगड रोवला होता. त्या दगडाच्या खालची जमीन नदीची, तिथं घर ठेवायचं नाही. वरची जमीन गावाची, ती बांधाच्या आत घ्यायची. असा साधा हिशेब होता.

गाव आणि नदी यांच्यामध्ये नवी वस्ती होती. लातूर, बीड, परभणीकडून कंपन्यांत कामाला आलेल्यांची साठ घरं. दगड आज होता तिथंच खरा असेल, तर वस्ती बांधाच्या आत येऊन वाचत होती. आबाजी खरं बोलत असतील, तर बांध वस्तीच्या मागून जाणार होता आणि साठही घरं उठणार होती.

त्या वस्तीतली निम्मी माणसं दोन्ही वेळा जेवायला एकाच खानावळीत जात. ती खानावळ सोजरबाई चालवत, आणि सोजरबाई म्हणजे दौलतरावांची सख्खी थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी डोहगावला परत आली ती तिथलीच झाली.

दौलतराव बसस्टॉपवर उभे असतानाच अक्काचा फोन आला. अक्का स्वतःहून फोन कधी करत नसे.

"दौलत, तू येतुयास म्हनं," ती म्हणाली. "नगं येऊस."

२

दगड पाणंदीच्या, म्हणजे शेताकडं जाणाऱ्या जुन्या पायवाटेच्या कडेला, घाणेरीच्या झुडपात उभा होता. कमरेइतका उंच, काळा, एका बाजूनं शेवाळलेला. पाणंदीनं आता वस्तीतली माणसंच येजा करत. जुन्या गावातलं कुणी वर्षानुवर्षं तिकडं फिरकलेलं नव्हतं, त्यामुळं दगड नेमका कुठं होता हे छातीठोकपणे सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

आबाजी तेवढे काठी टेकत आले होते. वय पंच्याऐंशी आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"ह्यो हितं नव्हता," ते म्हणाले. "वर व्हता."

"आबाजी, तुमाला समोरची म्हस दिसत न्हाई, दगड काय दिसतुया?" लक्ष्मणराव हसले. गावचे माजी सरपंच. वस्तीची जमीन त्यांची, खोल्याही त्यांच्याच. बांध नदीला चिकटून गेला तर बाकीच्या रानाचे प्लॉट पडणार आणि दारातून रस्ता जाणार, हे ते कुणापासून लपवतही नव्हते.

"उचलून बघू," दौलतराव म्हणाले.

वस्तीतल्या ज्योतीरामचं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. तो लोखंडी तिवई आणि चेन-पुली घेऊन आला. त्यानं साखळी लावायच्या आधी दौलतरावांनी दगडाभोवती एक चक्कर मारली. दगडाच्या मधोमध शेवाळ खरवडून दोन बारीक पट्टे पडले होते. मोजणीवाल्यानं आधी बघायचं आणि मग बोलायचं, ही सवय त्यांना नोकरीनंच लावली होती.

दगड वर आला. खड्ड्यात काळाभोर कोळसा होता.

"सापडला!" लक्ष्मणराव ओरडले. "घ्या, आता बोला!"

दिपालीला काही कळलं नाही, तेव्हा दौलतरावांनी तिला समजावलं. हद्दीचा दगड रोवायचा म्हणजे आधी खाली कोळसा घालायचा, ही इकडची जुनी रीत. लाकूड कुजतं, हाड कुत्रं उकरतं, पण कोळसा शंभर वर्षं तसाच राहतो. उद्या कुणी दगड सरकवला तरी कोळसा जागच्या जागी सापडतो आणि साक्ष देतो. गावात दगड रोवायचा असला की तात्यांना बोलावणं यायचं, आणि कोळशाशिवाय तात्यांनी कधी दगड रोवला नाही.

"म्हणजे दगड खरा?" दिपालीनं विचारलं.

"खरा," दौलतराव म्हणाले, आणि त्यांना मनापासून आनंद झाला. साठ घरं वाचली आणि बापाची खूणही शाबूत राहिली. आबाजी मान हलवत निघून गेले. सवयीनं दौलतरावांनी कोळशाचा एक तुकडा रुमालात बांधला.

३

अक्काच्या खानावळीत दुपारची गर्दी ओसरली होती. पत्र्याच्या शेडमध्ये दोन मोठ्या चुली होत्या. गॅसवरची भाकरी पोरांना गोड लागत नाही, असं अक्काचं मत होतं, आणि अक्काचं मत बदलायचं धाडस त्या वस्तीत कुणी करत नसे.

तिनं त्यांना पिठलं-भाकरी वाढली आणि स्वतः थंड झालेल्या चुलीतली राख चाळत बसली. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक ती राखेतून फिरवत होती आणि जे चिकटेल ते डब्यात टाकत होती.

"हे काय?"

"राखंत टोकं ऱ्हात्यात. भांडी घासताना बोटं फाटत्यात."

"अक्का, दगड खरा निघाला बरं का. खाली कोळसा आहे. वस्ती वाचली."

अक्कानं वर बघितलं नाही. "बरं झालं," म्हणाली. "जेव आन् जा. ऊन हाय तवर घरी पोच."

एरवी अक्का त्यांना दोन दिवस राहा म्हणून भांडायची. दौलतरावांनी हात धुतले, बाहेर येऊन कडुनिंबाखाली उभे राहिले आणि हात पुसायला खिशातला रुमाल काढला. कोळसा त्यात होता हे ते विसरले होते. तुकडा खाली पडला आणि फुटला.

पडताना त्याचा आवाजच झाला नाही. बाभळीचा कोळसा पडला की खणकन वाजतो. हा पापडासारखा हलका होता. दौलतरावांनी वाकून तुकडे उचलले. एका तुकड्याची कड सरळ होती, करवतीनं कापल्यासारखी. झाडाच्या फांदीला अशी चौकोनी कड नसते.

आणि दुसऱ्या तुकड्यात एक खिळा होता. पिळाचा, स्क्रूसारखे आटे असलेला.

हे लाकूड फांदीचं नव्हतं, फळीचं होतं. कंपन्यांत माल ठेवायला ज्या लाकडी चौकटी असतात, पॅलेट म्हणतात त्यांना, त्या ठोकायला असले खिळे वापरतात. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी डोहगावात कंपनी कुठली आणि पॅलेट कुठलं! तेव्हा तर चाकणला कांद्याच्या बाजाराशिवाय काही नव्हतं.

दगड हलवला होता, शेवाळावरचे ते दोन पट्टे साखळीचेच होते. आणि हलवणाऱ्यानं नव्या जागी, रीत न मोडता, ताजा कोळसा घातला होता.

४

चोरी करून तिच्याखाली स्वतःच्याच हातानं साक्षीदार पुरणारा चोर दौलतरावांनी चौतीस वर्षांत बघितला नव्हता. पण त्यामुळं एक गोष्ट सोपी झाली होती. हे काम करणाऱ्याला जुन्या गावाची रीत ठाऊक होती, आणि त्याच्या हाताशी पॅलेटचा कोळसा होता. या दोन गोष्टी ज्याच्याकडं एकत्र असतील तो आपला माणूस.

पहिले लक्ष्मणराव. चाकण रस्त्यावर त्यांचं हॉटेल होतं आणि तिथं तंदूर होता, म्हणजे कोळसा होता.

"कोळसा घातल्याबिगर दगड बसत न्हाई, हे शेंबडं पोरबी सांगंल," लक्ष्मणराव म्हणाले. "मला कशाला इचारता?"

दौलतरावांनी तंदूरशेजारच्या पोत्यात हात घातला. बाभळीचा गोल, जड कोळसा होता. त्यांनी खिळा पुढं धरला.

"असला कोळसा कोण घालील तंदुरात? रोटीत खिळा निघाला तर गिऱ्हाईक मला भाजंल," लक्ष्मणराव म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "दौलतराव, एक सांगू? जमीन तुमच्या बापाची. इकली तुमी आन् गेलात निगडीला. मी तितं खोल्या बांधल्या तवा तुमी एका शब्दानं म्हनला न्हाई, की हितं पाणी येतंय. आता कशापायी उकरता?"

तात्यांनी त्या रानात कधी गोठासुद्धा बांधला नव्हता. हे त्यांना ठाऊक होतं आणि ठाऊक असूनही ते गप्प बसले होते. गिऱ्हाईक बिथरेल, फ्लॅट हातचा जाईल, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. तीस वर्षांत त्यांनी ही गोष्ट स्वतःशीसुद्धा धडपणे कबूल केली नव्हती.

दुसरा ज्योतीराम. त्याच्या दुकानामागं पॅलेटचा ढीग होता.

"कंपनीतून टाकाऊ आनतो, साहेब," तो म्हणाला. "चांगल्या फळ्या निघाल्या तर कपाटं करतो. बाकीचं जळन."

"जळण कोण नेतं? वस्तीत तर सगळ्यांकडं गॅस आहे."

ज्योतीरामनं वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढली. "नेतेत कुनीकुनी," तो म्हणाला.

"तुमच्याकडं, लातूरकडं, दगड रोवताना खाली काय घालता?"

"काय घालायचं? सिमेट."

तो खोटं बोलत नव्हता. रीत त्याला ठाऊकच नव्हती. दौलतराव निघाले तेव्हा तोच मागून आला.

"साहेब, बांध आमीच मागितला बगा. तीन वर्सांमागं घरात गुडघ्याइतकं पानी आलतं. माझी पिंकी चार वर्साची, दिवसभर तिला कपाटावर बसवून धरून हुभा होतो. मीच अर्ज लिवला, मीच सह्या गोळा केल्या. आन् आता तोच बांध आमाला भाईर काढतोय मनतेत. असं कसं होतंय, साहेब?"

राखेतून खिळ्यांची टोकं टिपणारं अक्काचं ते लोहचुंबक दौलतरावांना दुपारपासून आठवत होतं. सुचलं नाही म्हणणं खोटं ठरेल. त्यांनी ते सुचू दिलं नव्हतं.

५

रविवारी सकाळी त्यांनी दिपालीला खिळा दाखवला. तिचा चेहरा उतरला.

"मग खरी जागा कुठली, सर? आबाजी ‘वर’ म्हणतात. वर म्हणजे किती वर?"

दोघं आबाजींच्या पडवीत गेले. आबाजींना दगडाबद्दल विचारलं की ते चिडत, म्हणून दौलतरावांनी दगडाचं नावच काढलं नाही.

"आबाजी, पूर आला त्या दिवशी तुम्ही कुठं होता?"

"मारुतीच्या देवळात," आबाजी लगेच म्हणाले. "समदी बायापोरं देवळात कोंबली व्हती. मी दारात हुभा. पाणी पयल्या पायरीवर चढलं, दुसऱ्या पायरीला लागलं आन् थांबलं. तुजा बाप तवाच भाईर पडला, म्हनला खूण करून येतो. पाणंदीला ग्येला."

दौलतराव ताडकन उठले. आबाजींच्या डोळ्यांवर कुणी विश्वास ठेवला नसता, पण इथं डोळ्यांची गरजच नव्हती. पाणी सगळीकडं एकाच पातळीत उभं राहतं. देवळाच्या दुसऱ्या पायरीला पाणी लागलं होतं, तर त्याच वेळी पाणंदीवरही ते तेवढ्याच उंचीला टेकलं असणार. देऊळ जुनंच होतं, पायऱ्याही त्याच होत्या.

दिपालीनं लेव्हलचं मशीन लावलं. दौलतराव उंचीची पट्टी घेऊन पाणंदीनं वर चढत गेले. "अजून वर, सर. अजून," ती ओरडत होती. दगडाच्या आताच्या जागेपासून साठ पावलं झाली, वस्तीतलं शेवटचं घरही मागं पडलं, तेव्हा ती म्हणाली, "थांबा."

उंचीत चार फुटांचा फरक होता. म्हणजे खोट्या दगडाच्या भरवशावर बांध घातला असता, तर तो चार फूट बुटका झाला असता. त्याच्या आत साठ कुटुंबं निर्धास्त झोपली असती.

पाणंदीच्या कडेला घाणेरी जरा विरळ होती. दौलतरावांनी कुदळ मारली. वरची माती भुसभुशीत निघाली, कुणीतरी अलीकडं भरलेली. हातभर खाली गेल्यावर कोळसा लागला. बाभळीचा, गोल, जड. सोबत मडक्याची दोन खापरं होती. त्यांनी एक तुकडा कुदळीच्या पात्यावर टाकला आणि तो खणकन वाजला.

"सापडलं!" दिपाली टाळी वाजवून म्हणाली. मग तिनं मागं वळून बघितलं. साठच्या साठ घरांचे पत्रे त्यांच्या पायांच्या खाली दिसत होते. एका दारात एक बाई धुणं वाळत घालत होती. दिपालीचे हात खाली आले.

दौलतराव मात्र खड्ड्याकडं बघत बसले होते. माती भुसभुशीत, पण कोळशाचा थर जसाच्या तसा. कुणी बोटही लावलं नव्हतं. ज्याला रीत ठाऊक आहे त्यानं दगडाबरोबर हा जुना कोळसाही नेला असता, तर ही चोरी ब्रह्मदेवालाही कळली नसती. दगड उपसून झाल्यावर तेवढा कोळसा वेचायला कितीसा वेळ लागतो! मग का नाही नेला?

हे विचारायला जायचं एकच ठिकाण होतं.

६

अक्का तांदूळ निवडत बसली होती. दौलतरावांनी तिच्यासमोर दोन तुकडे ठेवले, एक हलका आणि एक जड.

"हलका तुझ्या चुलीतला आहे," ते म्हणाले.

"व्हय," अक्का म्हणाली. आढेवेढे घेणं तिला कधी जमलंच नव्हतं.

"ज्योतीरामला माहीत होतं?"

"त्याला सांगितलं, देवाचा दगड हाय, पूजेला नीट जागी न्यायचाय. त्यानं पुली लावून हलवून दिला. उन्हाळ्यात. त्या लेकराला काय म्हाईत! त्येचं नाव घिऊ नगंस."

"अक्का, अगं, बांध चार फूट बुटका झाला असता. मोठं पाणी आलं असतं तर ही सगळी..."

"पाणी येईल तवा येईल. घरं सोमवारीच जात्यात." तिनं सूप खाली ठेवलं. "चाळीस पोरं जेवत्यात माझ्याकडं. लगीन करून बायका आनल्या हितं. बाळंतपनं केली मी त्यांची. माझ्या पोटचं कुनी न्हाई, तुला ठावं हाय. कुठं जातील रं ही?"

"पण हे खोटं आहे."

"आन् तू जमीन इकलीस, तवा दगड कुठं व्हता?"

अक्कानं हे तीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. तिनं रागानंही विचारलं नाही, म्हणून ते जास्त लागलं. ती चौदा वर्षांची असताना आई गेली. स्वतः शाळेचं तोंड न बघता तिनं दौलतला शाळेत घातलं, म्हणून दौलत मोजणी शिकला. आणि शिकलेल्या भावानं सगळं कळत असून तोंड मिटून सही केली.

हलका तुकडा हातात घेऊन ते म्हणाले, "उद्या कुणी उकरून बघेल म्हणून हा नवा कोळसा घातलास का?"

"दगड रोवायचा आन् खाली काय बी घालायचं न्हाई?" अक्काला प्रश्नच चमत्कारिक वाटला. "तात्यांची लेक हाय मी."

"मग जुना का सोडलास? तो नेला असतास तर मी हरलो असतो, अक्का. साफ हरलो असतो."

अक्कानं तो जड तुकडा उचलून तळहातावर घेतला.

"हात घातला व्हता," ती म्हणाली. "पुरात म्याच पदरात बांधून न्हेला व्हता त्यो, तात्यांच्या मागनं. कंबरंवर तू व्हतास. तात्या म्हनले, नीट ठिव, सोजर, फुडल्या मान्साला घावला पायजे." तिनं तुकडा मुठीत मिटला. "न्हाई उचलवला. म्हनलं, खोटं माझ्यापाशी ऱ्हाऊ दे. खरं कुटं हाय ते जमिनीत असू दे. उद्या मी नसंन. कुनाला लागलंच, तर घावंल."

आपल्याला मोजणी यायला नको होती, असं दौलतरावांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"मी तुझं नाव घालणार नाही," ते म्हणाले. "अज्ञात इसम लिहीन."

अक्कानं पदरानं डोळे पुसले आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "उद्या किती वाजता हाय तुझी ती सुनावनी?" तिनं विचारलं.

७

नगरपंचायतीचा हॉल भरून गेला होता. जुनं गाव खुर्च्यांवर, वस्ती मागं उभी. दौलतरावांनी दोन कोळसे टेबलावर ठेवले आणि दोन्ही मुख्याधिकाऱ्यांसमोर खाली टाकून दाखवले. एक वाजला, एक नाही. पायरीची उंची, पाणंदीवरची जागा, चार फुटांचा फरक, सगळं सांगितलं. त्यांचा आवाज एका लयीत चालला होता, मोजणीचा नकाशा वाचावा तसा. दगड अज्ञात इसमानं हलवला, असं वाचून त्यांनी कागद खाली ठेवला.

"अज्ञात कसला?" लक्ष्मणराव उठले. "पुली हाय कुनाकडं गावात? पॅलेट हाय कुनाकडं? त्या ज्योतीरामला बोलवा फुडं!"

मागं गलका झाला. ज्योतीराम जागच्या जागी थिजला होता. त्या क्षणी त्याला सगळं कळलं असावं, पण त्यानं तोंड उघडलं नाही.

"त्याला कशाला बोलिवता?" दारातून आवाज आला. सोजरबाई गर्दीतून पुढं आली. डोक्यावर पदर, चपला दाराशी काढून ठेवलेल्या. "दगड म्या हलिवला. त्याला पूजा म्हनून फसिवला. कोळसा माझ्या चुलीतला. लिवा."

मुख्याधिकाऱ्यांनी दौलतरावांकडं बघितलं. पंचनामा त्यांच्याच हातात होता. त्यांनी ‘अज्ञात इसम’ खोडून बहिणीचं नाव लिहिलं. मग न विचारता त्याखाली आणखी एक ओळ लिहिली आणि ती मोठ्यानं वाचली: ही जमीन पुराखाली जाते हे मला माहीत होतं, आणि तीस वर्षांपूर्वी विकताना मी ते सांगितलं नाही. मुख्याधिकारी म्हणाले, याची कायद्यानं गरज नाही. दौलतराव म्हणाले, राहू द्या.

अक्काला सही येत नव्हती. तिनं अंगठा पुढं केला. दौलतरावांनी तो शाईला लावला आणि स्वतःच्या हातानं कागदावर दाबून धरला. तिचा हात भाकऱ्या थापून घट्टे पडलेला होता.

बांध वरून, वस्तीच्या मागून न्यायचं ठरलं. वस्तीला दिवाळीपर्यंतची मुदत मिळाली. "कुणाची हरकत?" असं विचारल्यावर ज्योतीरामनं हात वर केला.

"हरकत न्हाई," तो म्हणाला. "आमी जायचं कुटं, तेवढं सांगा."

मुख्याधिकारी म्हणाले की पुनर्वसनाचा प्रस्ताव वर पाठवण्यात येईल. हे वाक्य त्या टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. ज्योतीरामनं मान हलवली, कारण असली वाक्यं ऐकायची त्याला सवय होती.

हॉल रिकामा झाला. दौलतराव खुर्चीतच बसून होते. बाहेर जायचं म्हणजे त्या साठ घरांतल्या माणसांसमोरून जायचं होतं, आणि ते त्यांना होत नव्हतं. शेवटी ज्योतीरामच आत आला. पिंकी त्याच्या बोटाला होती. तो आता शिव्या देईल, असं दौलतरावांना वाटलं. दिल्या असत्या तर त्यांना बरंच वाटलं असतं.

"साहेब," तो म्हणाला, "काळेवाडीला चारसहा खोल्या बगून ठेवल्यात. तळेगावाकडं पन एक जागा हाय. पन दोन्ही वड्याच्या काठाला हायेत." तो थांबला. "एकदा येऊन बगून सांगताव का? पानी कुटवर येतंय ते. आमाला कुनी सांगतच न्हाई बगा."

दौलतरावांना ‘येतो’ म्हणायचं होतं. त्याऐवजी ते वाकून खाली पडलेले कोळशाचे तुकडे रुमालात वेचू लागले. पिंकी त्यांच्याकडं टक लावून बघत होती.

अक्का दारात चपला घालत होती. पंचनाम्यापासून ती भावाशी एक शब्द बोलली नव्हती, त्यांच्याकडं बघितलंही नव्हतं.

"येईल त्यो," ती ज्योतीरामला म्हणाली. "म्या घिऊन येते त्याला."